मॅडमनी पाहिलेली पेशी

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम पेशीविभाजन शिकवायला लागल्या की मागच्या बाकावर स्वेटर विणणारी मुलगीसुद्धा सुया खाली ठेवायची. गुणसूत्रं दोन टोकांना गेली की संपलं, असं आम्हाला वाटायचं. पुस्तकही पुढचं सगळं दोन ओळींत उरकायचं. मॅडम मात्र तिथंच थांबायच्या. सामानाची वाटणी झाली, पण घर अजून एकच आहे, त्याचं काय करायचं, असं विचारायच्या. मग सांगायच्या, कांद्याच्या मुळातली पेशी मधोमध भिंत घालते, चाळीतल्या खोलीत पार्टिशन टाकून दोन बिऱ्हाडं करतात तशी. प्राण्याच्या पेशीला ते जमत नाही. तिच्या कमरेशी, आवरणाच्या आतल्या बाजूनं एक कडं तयार होतं आणि बटव्याची दोरी ओढावी तसं आवळत जातं. खाच खोल जाते, शेवटी धाग्याएवढा दुवा उरतो आणि तोही तुटतो.

मी पहिल्यापासून आगाऊ. एकदा भर वर्गात विचारलं, हे तुम्ही स्वतः पाहिलंय का? मॅडम रागावल्या नाहीत.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आपल्या स्लाइडवरची प्रत्येक पेशी औषधात मारलेली असते. विभागता विभागता मेलेल्या खूप पाहिल्यात मी. जिवंत एकही नाही."

हे ऐकून मला संतापच आला, कुणावर ते सांगता येईना. ऐंशीच्या दशकातलं बोरिवलीतलं आमचं कॉलेज. बरा मायक्रोस्कोप एकच, आणि त्याच्यापुढं पहिला नंबर नेहमी आम्हा विद्यार्थ्यांचा. मॅडम शेवटी बघायच्या, तोवर तास संपलेला असायचा. त्या वर्षअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. इतकं सुंदर शिकवणाऱ्या बाईनं ती गोष्ट न बघताच घरी जायचं, हे मला पटेना.

कांदिवलीला आमच्या घरी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी पाण्यातल्या गोगलगायी पाळल्या होत्या. तळ्यातल्या शेवाळाबरोबर आलेल्या. त्या काचेला जेलीसारख्या पट्ट्या चिकटवायच्या, आत अंड्यांचे ठिपके. मी मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. हे अंडं म्हणजे सुरुवातीला एकच पेशी, शिवाय आरपार दिसणारी. घातल्यावर काही तासांनी ती पहिल्यांदा दुभंगते. तेवढ्या वेळात लेन्सखाली आली की झालं.

पण ती वेळ काही साधेना. मी पट्टी बाटलीत घालून बसनं कॉलेजात न्यायचे, मॅडम डोळा लावायच्या आणि म्हणायच्या, चार झाल्यात. कधी आठ. कधी नुसता घोळका. "पुढच्या वेळी," असं म्हणून त्या चष्मा पुसायच्या. वर्गातली मैत्रीण म्हणाली, सोड ना यार, त्यांना तरी कुठं घाई आहे. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग एका रविवारी मला पहाटेच जाग आली. नळाला पाणी आलं होतं आणि आई नेहमीप्रमाणे कालचं पाणी ओतून देत होती. हंडा, कळशी, बादली आणि त्याच ओघात माझी बरणी. घरात शिळं पाणी राहता कामा नये, हा आमच्या चाळीतल्या सगळ्याच बायकांचा नेम. ताजं पाणी पडल्यावर थोड्या वेळानं गोगलगायी काचेवर चढल्या आणि अंडी घालू लागल्या. सोमवारी मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, ताजं पाणी मिळालं की त्या अंडी घालतात, आणि तुझी आई रोज पहाटे त्यांना मुहूर्त काढून देते.

आईला बरणीला हात लावू नकोस म्हटलं तर ती उखडली. "ह्या मेल्यांसाठी घरात शिळा पाणी ठेवूचा?" तरी तिनं ठेवलं. वर डासांच्या भीतीनं तोंडाला फडकंही बांधलं.

बरणी मांडीवर घेऊन मी सकाळीच कॉलेजात गेले. ताजं पाणी आम्ही प्रयोगशाळेत घातलं आणि थोड्याच वेळात काचेवर पट्टी आली, ती सोडवून लेन्सखाली ठेवली. जेवणाची सुट्टी होऊन गेली. मॅडम मधूनमधून बघत होत्या. अंड्याच्या डोक्यावर दोन बारीक मणी सुटलेले दिसले, म्हणजे दुभंगायची वेळ जवळ आली, तेव्हा त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि त्या बसल्या. आम्ही सवयीनं रांग लावली. आता त्या उठतील आणि रांगेतली पहिली बसेल.

तेवढ्यात विभागप्रमुख सर आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. रांग आपसूक बाजूला झाली. सर मॅडमच्या खांद्याशी वाकले आणि बघू तरी, म्हणाले.

मॅडमनी डोळा वर केला नाही. "सर, थांबावं लागेल. आत्ता मी उठणार नाही."

सर मागं सरले. मॅडम बोलू लागल्या, आमच्यासाठी, हळू आवाजात. लांबट झाली. एका बाजूनं खाच पडली. आता दुसऱ्या बाजूनंही. आत जातेय, आणखी आत. मग म्हणाल्या, "सुटल्या. दोघी अगदी गोल झाल्यात, जेमतेम टेकल्यात एकमेकींना." आणि थोड्या वेळानं, "आता चिकटून बसतायत."

त्या उठल्या तेव्हा मला दिसल्या त्या शेजारी शेजारी दोन पेशी. दुभंगताना आमच्यापैकी कुणीच पाहिली नाही. मैत्रीण कुरकुरली, पण मला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले. आई सगळ्यांच्या मागून जेवायची, शेजारणीही तशाच. स्वतःला काही बघायचंय म्हणून कुणाला थांबायला लावणारी बाई मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिली.