रिकाम्या पिशव्या

माळ्यावर जुनी वायरची पिशवी सापडली आणि वरसे गावातली ती सकाळ आठवली. शुगर वाढल्याने डॉक्टरांनी आईला रोज चालायला सांगितलं होतं, पण ती निघाली की दारादारातून बायका विचारायच्या, "कुठं चाललीस गो?" बिनकामाचं चालते हे सांगायची लाज वाटून ती माघारी फिरायची. त्या सकाळी शेजारच्या काकू दोन रिकाम्या पिशव्या घेऊन आल्या. "चल गो. कोनी इचारलं तर बाजाराला चाललोय." धाटावच्या कारखान्यांची शिफ्टची बस धूळ उडवत गेली आणि तिच्यामागून दोघी ऐटीत नदीकडे निघाल्या. पुढे आईची शुगर उतरली, आणि "कुठं चाललीस" विचारायला आळीत कोणी उरलंच नाही, कारण विचारणाऱ्या सगळ्याच रिकाम्या पिशव्या हलवत तिच्याबरोबर चालत होत्या. उद्या चालायला निघताना मी शेजारणीचं दार वाजवणार आहे, पिशवी न घेता.