बायकांचा डावा हात

लग्न होऊन केळव्याला आले त्याच वर्षी माझा डावा हात बिघडला. विहिरीवर पोहरा ओढताना भरून यायचा, वेणी घालायला वर केला की लुळा पडायचा. खाली सोडला की पुन्हा ठीक. संध्याकाळी अंगात कसर. सासू म्हणायची, "पाणी भरताना दुखतो, मग जेवताना कसा नाय दुखत?" मी उजव्या हाताने जेवते, एवढंही तिला सुचलं नाही.

शेवटी वैद्य आणला. बायकांची नाडी डाव्या हाताला बघायची, अशी रीत. त्याने बांगड्या वर सारल्या, बोटं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. मग हात टाकून देत सासऱ्यांना म्हणाला, "हिला नाडी नाय."

"उजवा बघा ना," मी म्हटलं.

"बायकांचा डावाच बघतात."

नाडी नाही आणि चालते-बोलते, म्हणजे बाहेरचं काहीतरी. सासूने मला चुलीपासून उठवलं. माझ्या हातचं पाणी बंद केलं. नवरा वाडीत पानवेली बांधत होता. त्याने ऐकलं आणि बांधत राहिला. उजव्या मनगटात नाडी टणाटण उडत होती. मीच चाचपून बघायचे, दुसऱ्या कुणी बोट लावलं नाही.

माझा भाऊ न्यायला आला, तेव्हा सासू म्हणाली, "माणूस असली तर परत आणा."

मुंबईच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरने दोन्ही हातांचा आणि पायांचाही रक्तदाब मोजला. मानेला, पाठीला नळी लावून ऐकलं. रक्त तपासलं, फोटो काढले. म्हणाला, "काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी सुजलीय. डाव्या हाताकडे जाणारा फाटा जवळजवळ बंद झालाय."

"बाहेरचं नाय ना?" भावाने विचारलं.

"आतलंच आहे. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत."

गोळ्यांनी ताप गेला, अंगात जोर आला, तोंड मात्र भोपळ्यासारखं सुजलं.

भावाला घेऊन परत गेले तर सासूने ओटीवरच बसवलं आणि वैद्याला बोलावलं. मी चुलीजवळ जायचं की नाही, हे तो ठरवणार! मी उजवा हात पुढे केला.

"डावा," तो म्हणाला.

"डाव्यात रक्त पोचत नाय. जिवंत हाय का ते इथं बघा."

"वैद्यांना शिकवते काय गो!" सासू ओरडली.

नवरा दारात उभा होता. मी मनगट त्याच्यासमोर धरलं. "तुमी तरी बघा हात लावून."

तो जमिनीकडे बघत राहिला. मी ट्रंक उचलली आणि भावाबरोबर निघाले. पुन्हा त्या ओटीवर पाय ठेवला नाही.

डाव्या हाताला नाडी अजून नाही. माझ्या हातचं पाणी माहेरची अख्खी आळी पिते.