साबणाने धुतलेल्या बाटल्या

आधी मॅडमांचं सांगते, मग माझं. नववीत शाळा सुटलेली, वर्ध्याकडून पुण्याच्या धायरीत येऊन पडलेली मी. संशोधन संस्थेत काचेची भांडी धुवायचं काम मला मिळालं ते त्यांच्या शब्दावर. त्या पीएचडी करून पुढचं संशोधन करत होत्या. त्यांच्या मैत्रिणी तोवर एकेक करून कंप्युटरच्या कंपन्यांत गेल्या होत्या.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काय करून राहिल्या मॅडम?" शेजारचे एक साहेब म्हणाले, "अहो बाई, पुण्यात एक तर करतात, नाहीतर राहतात." सगळे हसले. मॅडमनी मला स्टूल दिलं आणि खरंच सांगितलं. प्रोटीन म्हणजे लांबलचक दोरा. त्याची नीट घडी पडली तरच तो कामाचा. चुकली तर गुठळ्या होतात, माणसं आजारी पडतात. घडी नीट पडावी म्हणून दुसरी प्रोटीनं सोबत करतात.

"म्हणजे नवरीबरोबर पाठराखीण जाते तशी?"

"अगदी तशी, ताई."

एवढं मला कुणी कधी समजावलं नव्हतं. त्या उपकारापोटीच मी घाण केली. त्यांच्या बाटल्यांना साबण लावायचा नाही, शुद्ध पाण्याने सात वेळा विसळायच्या, असा नियम होता. मला वाटलं, मॅडमच्या बाटल्या चकचकीत हव्यात. घरच्या साबणाने घासल्या आणि आमच्याकडे पाणी कमी म्हणून जशी भांडी काढतो, तशा दोन पाण्यांतून काढल्या. सात वेळा शुद्ध पाणी ओतायला जीव होत नव्हता.

चार महिने त्यांच्या प्रोटीनची घडी पडेना. एक दिवस त्यांनी धुतलेल्या बाटलीत पाणी घालून ती हलवली. फेस आला. त्यांनी फेसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्याच महिन्यात मला कायम करायचं की नाही, ते आमच्या प्रयोगशाळेचे मुख्य सर ठरवणार होते. मॅडमच्या मुदतवाढीच्या मीटिंगमध्ये मी चहा घेऊन गेले, तेव्हा सर त्यांना विचारत होते, "चार महिने काय केलंत?"

"द्रावण माझंच चुकत होतं, सर."

"मग मुदतवाढ कशाला हवी? आणखी चुकायला?"

माझ्या हातात ट्रे होता. मी कप मांडले आणि बाहेर आले. नंतर मॅडम एवढंच म्हणाल्या, "फेस कुणी पाहिला नाही, ताई."

मी कायम झाले. त्या आता हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर औषधांचे कागद तपासतात. फोन केला की "चाललंय" म्हणतात. इकडे सर नव्या मुलांना सांगतात, भांडी धुवावीत तर आमच्या बाईंनी. मी मान खाली घालून ऐकते.

मुलीचं शिक्षण व्हायचंय, आज बोलायची हिंमत नाही. पण निवृत्तीच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला उभं करतील, तेव्हा साबण कुणी लावला ते सरांच्या तोंडावर सांगेन. तोवर तुम्हाला त्याचा काही उपयोग उरला नसेल, मॅडम. तरी हे मी फेडीन.