अत्तरवाल्यांचे मासे

आपल्या साडूला आपण कितपत ओळखत होतो, असं कुणी विचारलं असतं तर पोहण्याच्या मास्तरांना धड उत्तर देता आलं नसतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, वयं सारखी, बोलणं अरे-तुरेचं. साडूला चहात साखर जास्त लागते आणि हसताना तो तोंडावर हात धरतो, हे मास्तरांना माहीत होतं. त्यापलीकडे फारसं काही नाही.

साडू गावाच्या मैलापाण्याच्या केंद्रावर कामाला होता, म्हणून सासुरवाडीत त्याला सगळे 'अत्तरवाले' म्हणत. "अत्तरवाले आले, खिडक्या उघडा!" असं मेव्हणी ओरडली की तोच सगळ्यांत आधी हसायचा.

केंद्रात शेवटच्या टाकीजवळ त्याने काचेची एक पेटी ठेवली होती. साफ झालेलं पाणी तळ्याकडे जाण्याआधी त्या पेटीतून वळवलेलं, आणि त्यात लाल मासे. "कागद खोटं बोलेल, मासा नाही बोलणार," तो म्हणायचा. घाणीमुळे बंद पडलेला तळ्यातला पोहण्याचा वर्ग मास्तरांनी पुन्हा सुरू केला तो या माशांच्या भरवशावर. आईबापांना ते स्वतः केंद्रावर नेऊन पेटी दाखवत. "घरचा माणूस आहे तिथे," असंही छातीठोकपणे सांगत.

पहिले दोन उन्हाळे छान गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात मुलांचे कान वाहू लागले, अंगावर पुरळ उठलं. आया दारात आल्या.

"मास्तर, पाण्यात काहीतरी आहे."

"पाण्याला नावं ठेवू नका. चला, मासे दाखवतो," मास्तर म्हणाले. मग त्यांना वाटलं, आधी एकट्याने जाऊन यावं.

भर दुपारी ते केंद्रावर पोचले. टाक्यांत हवा फुंकणारी यंत्रं गप्प होती. एरवी त्यांच्या घरघरीत ओरडून बोलावं लागे. हवेशिवाय घाण खाणारे जिवाणू जगत नाहीत, हे साडूनेच त्यांना शिकवलं होतं. पाणी काळं पडलं होतं, वास नाकात शिरत होता. आणि पेटीपाशी वाकून साडू माशांना पाणी घालत होता. नळी पिण्याच्या पाण्याच्या नळाला लावलेली होती.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

साडू दचकला. नळी बाजूला ठेवून म्हणाला, "यंत्रं बिघडली तेव्हापासून. वरचे म्हणाले, दुरुस्ती होईपर्यंत बोभाटा नको."

"वरच्यांचं जाऊ दे. मला सांगायला तोंडाला कुलूप होतं का?"

"तुझा वर्ग बंद पडला असता रे. जीव आहे तुझा त्यात."

क्षणभर मास्तरांना ते खरंही वाटलं. मग त्यांना साडूची नात आठवली. पहिले दोन उन्हाळे वर्गात सगळ्यांत पुढे असणारी ती पोर यंदा एकदाही आली नव्हती.

"नातीला का नाही पाठवलंस?"

"तिचे कान जरा..." एवढं बोलून साडू थांबला. या वेळी तोंडावर हात होता, पण तो हसत नव्हता.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन सगळं सांगितलं आणि वर्ग बंद केला. एका आईने त्यांना उंबऱ्यावरच विचारलं, "साडू ना तुमचा? आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं?" पुढे केंद्राची चौकशी झाली, यंत्रं सुरू झाली, तळं निवळलं. पण मास्तरांकडे पुन्हा कुणी मूल पाठवलं नाही.

साडू वारला त्याच्या थोडं आधी ते दोघे तळ्याच्या रस्त्यावर भेटले. साडू बाकावर बसला होता. मास्तरांच्या गळ्यात सवयीने शिट्टी अडकवलेली होती. साडूने सरकून जागा केली.

"बस की जरा."

"नको. मुलं वाट बघत असतील."

साडूने शिट्टीकडे पाहिलं, मग रिकाम्या तळ्याकडे.

"बरं. ऊन फार आहे, टोपी घालत जा."

"घालतो."