आधी दोर सोडा, मग गाडी हलेल

“किल्ली इकडे दे,” अण्णा म्हणाले.

मी पिकपची किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून हात ठेवला. “नाही देणार,” म्हटलं.

अण्णा म्हणजे आमच्या पनवेलच्या गॅरेजचे मालक. पिकप त्यांची, खाडीच्या चिखलात रुतलेली लॉरीही त्यांचीच, आणि माझा पगारही तेच देत. त्यांच्यासमोर असं बोलणारा माणूस त्यांनी तोवर पाहिला नव्हता. मीही स्वतःला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पण समोर चाळीस कोळी बांधव पोलादी वायरचा दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून ओळीने उभे होते आणि अण्णा मला गाडी ओढ म्हणत होते. मी काय कसाई आहे?

झालं होतं ते असं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. अण्णांची लॉरी इस्माईलभाई चालवायचा. हात चांगला होता त्याचा, पण माणूस भलता हट्टी. सकाळी उलव्याच्या बाजूच्या मिठागरावर मीठ भरायला निघाला. ओहोटीच्या वेळी बैलगाड्या खाडीचं पात्र ओलांडून पलीकडे जातात, तेवढाच चार मैलांचा फेरा वाचतो. बैलगाडी जाते तर लॉरी का नाही, असं त्याला वाटलं. अहो, बैलगाडी रुतली तर बैल जोर करून बाहेर काढतात. लॉरी रुतली की जितका जोर लावाल तितकी खाली जाते. याने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागेवर फिरली आणि त्या दोन चाकांच्या मधला ॲक्सलचा गोळा चिखलावर टेकला. गोळा टेकला की चाकं नुसती भोवऱ्यासारखी फिरतात, पकड काही मिळत नाही.

त्यात पौर्णिमा. पौर्णिमेला आमच्या खाडीत उधाण येतं आणि दुपारी बाराच्या सुमाराला भरती पूर्ण होते. म्हणजे अकराच्या आत लॉरी बाहेर काढली नाही तर इंजिनात खारं पाणी जाणार. खारं पाणी गेलं की ते इंजिन भंगारात.

निरोप आल्यावर अण्णा आणि मी पिकप घेऊन गेलो. ही पिकप लष्कराच्या डिस्पोजलमधली, म्हणजे युद्ध संपल्यावर सरकारने विकून टाकलेल्या सामानातली. चारही चाकांना ताकद. दिसायला ओबडधोबड, पण ओढायला राजा. खाडीच्या काठावर मुरूम टाकलेला घट्ट तुकडा होता, तिथे लॉरीच्या नाकासमोर सरळ रेषेत मी ती उभी केली. सरळ का? तिरकं ओढलं तर दोर एका बाजूला ताण घेतो, आणि ओढणारी गाडीच घसरून खाली जाते. मग दोन्ही गाड्यांना पाणी. दोर मी बंपरला न बांधता शॅसीच्या हुकाला अडकवला. बंपर हा नुसता पत्रा असतो, उपटून हातात येतो. शॅसी म्हणजे गाडीचा कणा.

एवढं होईपर्यंत कोळीवाड्यातली माणसं धावत आली होती. त्यांचा म्होरक्या हिराजी नाखवा, साठीचा, पाठ अजून ताठ. नाखवा म्हणजे होडीचा कप्तान. मी पिकपच्या सीटवर बसून मागे बघतो तर काय, सगळ्यांनी दोर धरलेला! सगळ्यात पुढे हिराजी, पायांची फाकणी करून, टाचा चिखलात रोवून.

“अहो नाखवा! दोर सोडा!”

“सोडू कशाला? तू वढ! आमी हाव!”

आता हे समजून घ्यायला पाहिजे. कोळीवाड्यात होडी किनाऱ्यावर ओढायची असली की सगळा गाव दोराला हात लावतो. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल तोही येतो. दोराला हात न लावता कुणी बघत उभा राहिला तर त्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही. नाखवा पुढे उभा राहून हाळी देतो, बाकीचे एका दमात ओढतात. तिथे दोर असतो काथ्याचा. तुटला तर सगळे पाठीवर आपटतात, हसतात, गाठ मारतात, पुन्हा लागतात. लॉरी म्हणजे त्यांच्या मते एक जड होडीच. माणुसकीने आले होते बिचारे.

पण वायरचा दोर तुटला की पडत नाही, उडतो. लष्करात मेकॅनिक असताना मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलंय. डेपोत रणगाडा वाहून नेणारी गाडी ओढत होते. दोर तुटल्याचा आवाज आला आणि माझ्या शेजारी उभा असलेला बाबू खाली बसला. मला वाटलं, घाबरून बसला. त्याचा पाय गुडघ्याखाली नव्हता. बाबू जगला, पण एका पायावर.

मी खाली उतरलो. गेलो आणि हिराजीच्या हातावर हात ठेवून म्हटलं, “नाखवा, हा तुमचा काथ्या नाही. हा तुटला तर माणूस कापतो.”

“आरं, तुटंल कसा? चाळीस माणसं हाव आमी. तुला आमची ताकद नको?”

“नको.”

झालं! असा लागला तो शब्द त्यांना की विचारू नका. मागून कुणीतरी बोललं, “शेरातला डायवर, मोठा शाना!” अण्णा तर तापलेच होते. “दत्तू, अरे चाळीस माणसं फुकट हात लावतायत. देवाने पाठवलेत. पाणी यायला लागलंय, दिसत नाही तुला? चल, एक जोराचा झटका दे आणि मोकळा हो!”

झटका! दोर सैल सोडायचा, गाडी पळवायची आणि हिसका द्यायचा. दोर तोडायचा याहून सोपा उपाय नाही. तेव्हा मी किल्ली काढून खिशात घातली, ते वर सांगितलंच.

“उद्यापासून कामावर येऊ नकोस,” अण्णा म्हणाले.

“बरं. पण आज दोर सोडल्याशिवाय गाडी हलणार नाही.”

घरी दोन लहान पोरं होती. पण आतून एक राग असा उसळला होता की तेव्हा साक्षात कलेक्टर आला असता तरी मी किल्ली दिली नसती.

अण्णा इस्माईलकडे वळले. “तू चालव पिकप. त्याच्या खिशातनं किल्ली काढून घे.”

इस्माईलभाई चिखलात गुडघाभर उभा होता. चूक त्याची, लॉरी त्याच्या हातची, नोकरी तर त्याची आधी जाणार. त्याने एकदा लॉरीकडे बघितलं, एकदा दोर धरलेल्या माणसांकडे. म्हणाला, “अण्णा, लॉरी बुडाली तर माझं नशीब. पण या लोकांना दोराला लावून मी नाही ओढणार. खुदा माफ करणार नाही.”

मला त्याला मिठीच मारावीशी वाटली. सकाळपासून मनात त्याला शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या परत घेतल्या.

पाणी आता लॉरीच्या मागच्या टायरांना लागलं. हिराजीने दोर सोडला नव्हता, पण आवाज खाली आला होता. “मंग आमी काय करू? हात बांधून बघत ऱ्हाऊ? आमच्या दारात गारी बुरंल आनि आमी बघू?”

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी मघापासून यांना नुसतं ‘नको, नको’ म्हणत होतो. मदतीला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने उभं करणं म्हणजे त्याला हाकलून देणंच की!

“नाखवा, होडी तुम्ही वाळूवरून ओढता ती कशावरून?”

“फल्यांवरून.”

“मग आणा त्या फळ्या! आणि फावडी, टोपल्या, जे असेल ते. चाकांपुढचा चिखल उकरायचाय. गोळा मोकळा झाला पाहिजे. हे काम माझ्या पिकपच्या बापाला जमणार नाही, तुम्हालाच जमेल.”

दोर सुटला. चाळीसच्या चाळीस हात एकदम सुटले. आणि मग जे काम झालं, वा रे वा! चिखल त्यांच्या रोजच्या ओळखीचा. कुठे पाय द्यायचा, कुठून उकरलं की पुन्हा भरत नाही, सगळं माहीत. पाचव्या मिनिटाला दोन माणसं फळ्या डोक्यावर घेऊन पळत आली. मी एक फळी चाकाखाली सारायला घेतली तर हातातून सटकली. माशाच्या तेलाने माखलेली!

“अहो, तेल कशाला लावलंत?”

“होरी सरकावी म्हनून,” तो म्हणाला, मीच वेडा असल्यासारखा बघत.

“अहो, होडी सरकायला पाहिजे, चाकाने धरायला पाहिजे! उलट्या करा! वर शिंपल्यांची माती टाका!”

त्या गडबडीतही इस्माईल खो-खो हसला. अण्णा तेवढे हसले नाहीत.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. दोराच्या मधोमध ओल्या चिखलाने भरलेली दोन गोणपाटं टाकली. दोर तुटलाच तर त्या वजनाने खाली बसतो. पिकपच्या पाठीमागच्या काचेला एक जाड फळी लावली. लॉरीचं बॉनेट उघडं ठेवलं, म्हणजे इस्माईलच्या तोंडापुढे पत्रा आडवा राहील. त्याला म्हटलं, “तुला पुढचं दिसायची गरज नाही. पहिला गिअर, हलका पाय, स्टिअरिंग सरळ.” सगळ्या माणसांना बाजूच्या बांधावर पाठवलं, दोराच्या लांबीपेक्षाही दूर.

खूण कोण देणार? आमच्या धंद्यात खूण एकाच माणसाने द्यायची असते. दहा जण ओरडले की ड्रायव्हर कुणाचं ऐकणार? मी हिराजीला बांधाच्या टोकाला उभं केलं. “टोपी वर केलीत तर ओढीन. खाली केलीत तर थांबेन. अण्णा ओरडले तरी तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाही.”

नाखव्याची छाती फुगली. त्याने लाल टोपी वर केली आणि हाळी दिली. चाळीस माणसांनी बांधावरून दमदार ‘हैस्सा’ दिला. मी क्लच इंचाइंचाने सोडला. दोर आधी ताठ झाला, मग कुरकुरला. टोपी खाली, मी थांबलो. एक फळी सरळ केली गेली. टोपी पुन्हा वर. लॉरीने चिखलातून मोठा फुस्स आवाज केला आणि पुढचं चाक मुरमाला लागलं. पाणी तेव्हा मागच्या चाकांच्या मध्यावर आलं होतं.

कुणाला ओरखडा नाही, लॉरीचा एक बोल्ट ढिला नाही. हिराजीने माझ्या पाठीत असा धपका घातला की तीन दिवस पाठ दुखली. “शाना हायेस,” म्हणाला. या वेळी ते टोमण्याने नव्हतं.

अण्णा म्हणाले, “बघ. तुटला का दोर? उगीच तासभर तमाशा केलास.”

दुसऱ्या दिवशी मी तरीही कामावर गेलो. कुणी हाकललं नाही. चिंधी घेऊन दोर पुसायला बसलो. असा पुसला की तुटलेली तार चिंधीला अडकते आणि समजते. आदल्या दिवशी निघण्यापूर्वीच हे करायला हवं होतं, घाईत राहिलं. ती चूक माझी, कबूल. दोराच्या पुढच्या भागात, जिथे हिराजीने हात लावले होते तिथेच, चिंधी अडकली. सात-आठ तारा तुटल्या होत्या. बाकीच्यांनी कशीबशी लॉरी काढली होती. मी छिन्नी-हातोडा आणला आणि अण्णांच्या देखत त्या जागी दोराचे दोन तुकडे केले.

“अरे, नवा होता तो!” अण्णा कळवळले.

“आता जुना झाला,” म्हटलं.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी रुतलेल्या गाड्या काढल्या, पळस्प्याच्या फाट्यापासून नेऱ्याच्या शेतांपर्यंत. एक गोष्ट ठाम सांगतो. असलं काम नीट झालं की सांगण्यासारखं काही घडतच नाही, आणि मालक वैतागून विचारतो, “एवढा वेळ कुठे लावलास?” हा प्रश्न कानावर पडला की समजायचं, सगळी माणसं आपापल्या पायांनी घरी गेली.