काचेवरचं बावीस

"ताई, पाणी घेऊन ये," एवढंच भाऊ म्हणाला. मी मागे गेले, नळाला नळी लावली, गुंता सोडवत सोडवत पुढे ओढत आणली. पाच मिनिटंही झाली नसतील. येऊन बघते तर हा दुकानाच्या पायरीवर बसलेला, पाठ भिंतीला, हातात खडू. मला वाटलं जरा टेकलाय. म्हटलं, "मला कामाला लावून स्वतः बसलास होय रे." मान एका बाजूला गेली होती. नळीचं पाणी माझ्या पायावरून पार रस्त्यापर्यंत गेलं. शेवटी शेजारच्या टायरवाल्याने मागे जाऊन नळ बंद केला.

दुपारचे साडेबारा वाजले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वर हेही म्हणाले की हे आजचं नाही, महिनाभर तरी त्रास असणार, तुम्हाला काही बोलले नाहीत का?

माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून मीच त्याचं केलं. सव्वीस वर्षं गाड्यांच्या एसीचं काम केलं त्याने. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. बाजारात सगळे त्याला थंडोबा म्हणायचे. एक तर काम तसं, आणि दुसरं म्हणजे घाई त्याच्या अंगातच नव्हती. आंघोळीला गेला की मी दोन भाज्या निवडून घ्यायची. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, बघतो, बघतो. बघता बघता पन्नाशी आली.

पण गाडीच्या बाबतीत डोकं फार चालायचं. लोक यायचे ते आधीच ठरवून यायचे. गाडी गार होत नाही, गॅस भरा. हा म्हणायचा, "गॅस काय सरबत आहे का, संपलं की ओतायला? संपला तर गेला कुठे ते बघू आधी." एकदा एक साहेब आले, तीन ठिकाणी गॅस भरून. याने पुढचा कप्पा उघडला, आतून फिल्टर काढला, धुळीने नुसता जाड झालेला, आणि त्यांच्या हातात ठेवला. "साहेब, ही गोधडी तुमचीच का?" साहेब आधी रागावले, मग हसत सुटले.

आणि एक गोष्ट म्हणजे दुकानात ऊन हा शब्द काढायचा नाही. बाकीचे मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगायचे, ऊनच एवढं आहे, गाडी तरी काय करणार. ते ऐकलं की हा चिडायचा. "ऊन काय तुझ्या एकट्याच्या गाडीवर पडतं का? बाकीच्या गार आहेत ना? मग दोष आत आहे, तो शोध." हजारदा ऐकलंय मी ते. झोपेत विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

आणि तोच माणूस महिनाभर मला सांगत होता, ऊन आहे ताई.

गॅसची टाकी मागून पुढे आणताना मध्ये दोनदा खाली ठेवायला लागला. जिन्यात अर्ध्यावर थांबायचा, कठड्याला धरून, जसं काही आठवतंय असं तोंड करून. डावा हात चोळायचा. मी विचारलं तर म्हणे जॅक उचलला. दम का लागतो विचारलं तर म्हणे या दिवसांत सगळ्यांनाच लागतो. आणि मी ऐकलं. कारण गरम-गार त्यालाच कळतं, मला काय कळतं. उलट मी त्याला डोक्यावर ओला रुमाल ठेवायला दिला. कोणीतरी त्याला त्याचंच वाक्य ऐकवायला हवं होतं. ते मला पाठ होतं, पण गाडीचं म्हणून पाठ होतं.

त्या दिवशी सकाळी एक टॅक्सीवाले भाऊ त्यांची गाडी ठेवून गेले होते. तक्रार अशी, पळताना गार, सिग्नलला थांबली की गरम वारा, गिऱ्हाईक शिव्या देतं. गॅस दोनदा भरून झालेला. हा दोनदा पायरीवर बसून उठला. मी म्हटलं, चल डॉक्टरकडे. म्हणाला, "एवढी गाडी देतो, मग जाऊ." मग गाडी चालू ठेवून हवा येते तिथे थर्मामीटर लावला, आणि काचेच्या कोपऱ्यात खडूने लिहिलं, उभी २२, म्हणजे उभ्या गाडीत बावीस अंश. पुढच्या जाळीवर पाणी मारून बघायचं होतं. पाण्याने गार झाली तर गॅस पुरेसा आहे, जाळीला वारा कमी पडतोय. त्यासाठी ती नळी.

पाचव्या दिवशी टॅक्सीवाले भाऊ आले. दारात चप्पल काढून उभे राहिले.

"ताई, गाडी नेतो. दुसरीकडे दाखवतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी किल्ली दिली. ते म्हणाले, "त्या दिवशी ऊनच तसं होतं हो. कोणाचं काय चालतं."

चांगल्या मनाने म्हणाले. ते गाडीत बसले, काचेवरचं पुसायला फडकं शोधायला लागले. मी म्हटलं, "थांबा. चालू करा. एसी पूर्ण सोडा, काचा लावा, आणि थर्मामीटर तिथेच आहे तो वाचत राहा."

"ताई, तुम्ही?"

"वाचा तुम्ही."

मागे गेले. नळी तशीच पडली होती, गुंता झालेली. ओढत आणली, गाडीच्या पुढच्या जाळीवर धरली. काच बोटभर खाली करून ते आतून ओरडायला लागले. बावीसच आहे. बावीस. वीस. मी नळी हलवली नाही. सतरा. चौदा. अकरा.

पाणी बंद केलं तसं परत चढायला लागलं.

"गॅसला कोणाला हात लावू देऊ नका," मी म्हटलं. "पुढचा पंखा बघायला सांगा, उभ्या गाडीत जाळीला वारा तोच देतो. फिरताना दिसतो, पण हळू फिरत असणार."

"हे त्यांनी सांगितलं होतं?"

"नाही. त्याचं बघायचं राहिलं होतं."

खडू पायरीजवळच होता, भिंतीच्या फटीत गेलेला. नखाने काढला. काच ओली नव्हती. त्याच्या बावीसच्या खाली मी लिहिलं, पाणी ११. माझा आकडा जरा वाकडा आला.