दिनूचा पियानो आणि माझा अभिप्राय

बोस्कोचा फोन बँकेत आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. अंधेरीच्या आमच्या शाखेत फोन एकच, साहेबांच्या टेबलावर, आणि त्याची वायर इतकी आखूड की टेबलावर वाकून उभ्यानंच बोलावं लागतं. “शरद, तू पहिला खाली बस,” बोस्को म्हणाला. मी म्हटलं, “बसायला जागा नाही इथं, बोल तू.” तेव्हा तो म्हणाला, “आपला दिनू ऑफ झाला रे. ऑफिसात. ड्रॉइंग बोर्डासमोर बसल्या बसल्या.” दिनू तळवडेकर, माझा शाळेपासूनचा मित्र, कांदिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. वय अडतीस. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी दिनूशी धड बोलून मला दीड वर्ष होऊन गेलं होतं. असं का झालं, ते बोस्कोला माहीत नव्हतं. दिनूलाही नव्हतं. मला माहीत होतं, आणि तेच सांगायला हा लेख लिहितो आहे.

दिनूचे वडील परळच्या गिरणीत होते. मालवणकडची माणसं. बोरिवलीला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या तेव्हा दिनू आठवीत होता. जवळच्या आय. सी. कॉलनीत मिस परेरा नावाच्या एक वयस्क बाई पियानो शिकवायच्या. गणिताच्या शिकवणीला जाताना त्यांचं घर वाटेत लागायचं, आणि दिनू फाटकाशी उभा राहून ऐकायचा. शिकवणीला रोज उशीर व्हायला लागला. एके दिवशी बाईंनीच खिडकीतून विचारलं, “किती दिवस बाहेर उभा राहणार तू? हात धुऊन आत ये.” तो आत गेला तो आठ वर्षं जात राहिला. बाईंनी त्याच्याकडून कधी फी घेतली नाही. तो त्यांचा बाजार आणून द्यायचा, पंखे पुसायचा. पुढे बाई वसईला बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या तेव्हा पियानो त्यांनी दिनूला दिला. हातगाडीवर घालून आम्ही सहा जणांनी तो आणला. दिनूची आई दारात कमरेवर हात ठेवून उभी. “ह्यो पेटारो खंय ठेवतलंस रे?” तिनं विचारलं. शेवटी बाहेरच्या खोलीतली लोखंडी कॉट निघाली आणि तिथं पियानो बसला. तेव्हापासून दिनू खाली चटईवर झोपायचा, डोकं पियानोच्या पायांशी.

दिनूचा बँड निघाला तो ऐंशीच्या आसपास. ड्रमवर बोस्को, बेस गिटारवर विलास आणि पियानोवर दिनू. नाव ठेवलं ‘काळी एक’, कारण दिनू गायचा ती पट्टी. गाणी सगळी त्याची स्वतःची, मराठीत. रॉकेलच्या रांगेवर एक होतं, टायपिंग क्लासातल्या मुलीवर एक, गिरणीतून घरी आलेल्या आणि बोलायचं विसरून गेलेल्या बापावर एक. ते शेवटचं लागलं की हॉलमधले प्रौढ लोक पायांकडे बघायला लागायचे. मराठी गाण्यात पियानो म्हणजे मंद, हळवा, पावशेर साखर घातलेला, अशी आमची समजूत. दिनू तो ढोलासारखा बडवायचा. उभा राहून वाजवायचा, स्टूल मागे ढकलून. पियानो काही इकडून तिकडे नेता येत नसे, म्हणून जिथं पियानो आहे तिथंच कार्यक्रम: चर्चचे हॉल, कॉन्व्हेंट शाळा. ऐकायला येणारी माणसं थोडी, पण येणारी ती पुन्हा यायची. त्यातला मी एक. मी पहिल्या रांगेत बसायचो, आणि कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायला मदत करायचो.

मग माझ्या मेहुण्यांनी मस्कतहून सिंथेसायझर आणला. मी लहानपणी पेटी शिकलो होतो, त्यामुळे बोटं फिरत होती. दिनू घरी आला, पाऊण तास एकेक बटण दाबून बघत बसला आणि म्हणाला, “शऱ्या, तू आमच्यात ये. हे तर बगलेत मारून कुठंही नेता येतं!” मी बँडमध्ये आलो आणि बँड पालटला. एका बटणावर व्हायोलिनं, दुसऱ्यावर बासऱ्या, तिसऱ्यावर असला ठेका की माणसं जागच्या जागी हलायला लागायची. गणपती, नवरात्र, लग्नांची रिसेप्शनं... गोरेगाव, कांदिवली, सांताक्रूझ, कुठून कुठून बोलावणी यायला लागली. दिनूचा पियानो घरीच राहिला. तो हातात माईक घेऊन नुसता गायचा, आणि दुसऱ्या हाताचं काय करायचं ते त्याला कळत नसे. लोक येऊन माझ्याशी बोलायचे. “तुमचं ते मशीन काय झकास वाजतं हो!” मी बँकेतला एक क्लार्क, तोवर कुणी माझ्याकडे वळून बघितलं नव्हतं. तीन वर्षं मी फार सुखात होतो. दिनू सुखात आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

एका रविवारी दुपारी त्यानं मला घरी बोलावलं. सुनंदावहिनी, त्याची बायको, चहा ठेवून आत गेली. दिनू बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसला. मग म्हणाला, “शऱ्या, मी परत पियानोवर बसणार. पहिल्यासारखं. तिघंच.”

“तिघं म्हणजे?” मी विचारलं.

“तू समजून घे यार. तुझ्यावर राग नाही. पण इतक्या आवाजात मला माझं गाणंच ऐकू येत नाही. घरी येतो तेव्हा कान नुसते वाजत असतात, आणि डोक्यात एक ओळ नसते.”

मी म्हटलं, “अरे, त्यात काय एवढं? तुझा बँड आहे.” हसूनच म्हटलं. चहा संपवला, वहिनींना हाक मारून निघालो. घरी आल्यावर सिंथेसायझर खोक्यात घातला आणि पलंगाखाली सरकवला. त्या क्षणापासून माझ्या मनात काय चाललं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही. माझं एवढंच म्हणणं होतं की त्यानं मला आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं?

‘काळी एक’ जुन्या आवाजात परत येते आहे, असा कार्यक्रम गोरेगावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ठरला. विलासच्या डोक्यातून कल्पना निघाली की दारात कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवायच्या, ऐकणाऱ्यांनी जाताना दोन ओळी लिहून डब्यात टाकायच्या. मी शेवटच्या रांगेत बसलो. खरं तेच लिहितो: त्या संध्याकाळी दिनू जसा वाजवत होता तसा मी त्याला कधीच ऐकला नव्हता. आवाजात थोडी खरखर आली होती, पण ती गाण्यांना शोभत होती. वडिलांवरचं गाणं आता त्यानं हळू, जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. माझ्या शेजारची बाई पदर डोळ्यांना लावत होती. आणि मी विचार करत होतो तो इतकाच, की इथं कुठंच माझी जागा नाही. माझ्यावाचून काहीसुद्धा अडलेलं नाही. बाहेर येताना मी एक चिठ्ठी उचलली, भिंतीला टेकवली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून उलटं तिरकं करून लिहिलं: ‘पियानो छान आहे, पण वाजवणारा संपला आहे. पुढचं काही सुचेनासं झालं की माणूस मागचं उगाळत बसतो. — एक जुना श्रोता.’ चिठ्ठी डब्यात टाकली आणि आत जाऊन दिनूला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दिनूकडे चिठ्ठ्या वाचायला सगळे जमलो. न जाणं बरं दिसलं नसतं. डबा पियानोवर उपडा केला होता आणि सुनंदावहिनी एकेक वाचून दाखवत होती. किती तऱ्हा होत्या! कुणी लिहिलं होतं, ‘तीन वर्षं तुम्ही कुठं होता? वाट बघत होतो.’ कुणी, ‘माझ्या मुलाला नाचायचं होतं, तो कंटाळला. मी नाही कंटाळलो.’ एकानं, ‘रॉकेलच्या गाण्यात पूर्वी एक कडवं जास्त होतं, ते का गाळलं?’ त्यावर दिनू खूश होऊन ओरडला, “बघ, कुणाला तरी पाठ आहे!” एका मुलीनं तक्रार केली होती की जुन्या आवाजात मजा आहे पण गाणीही जुनीच, नवी कधी? दिनूनं मान डोलावली. बोस्को म्हणाला, “हिला आपण नवं गाणं देऊ, बरोबर बोलली.” आणि मग वहिनीच्या हातात माझी चिठ्ठी आली. अर्धी वाचून ती थांबली. “हे काही नाही,” म्हणाली आणि घडी घालायला लागली. दिनूनं हात पुढे केला. त्यानं ती मनाशी वाचली. पुन्हा वाचली.

“सोड रे,” मी म्हटलं. “एखादा असतोच असा.”

“नाही शऱ्या,” तो म्हणाला. “बाकीच्यांनी माझं मन राखलं. हा एकटा खरं बोलला.”

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा मी ‘ते माझं आहे’ म्हटलं असतं तर तो चिडला असता, कदाचित चार शिव्या घातल्या असत्या, कदाचित महिनाभर तोंड बघितलं नसतं. पण ते वाक्य तिथंच मेलं असतं. कारण मग ते एका रुसलेल्या मित्राचं वाक्य झालं असतं. श्रोत्याचं राहिलं नसतं. मी कप उचलला आणि उरलेला चहा प्यायलो.

पुढचा कार्यक्रम मुलुंडला ठरला होता. दिनूनं तब्येतीचं कारण सांगून तो रद्द केला, आणि त्यानंतर ठरवलाच नाही. विलासची नागपूरला बदली झाली. बोस्को एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात लागला. मला दिनूसमोर उभं राहवेना म्हणून मी जाणं कमी केलं, मग बंद केलं. त्याचे बँकेत दोनदा फोन आले. मी शिपायाला “काउंटरवर आहेत म्हणून सांग” असं सांगितलं. एकदा बोरिवलीच्या बाजारात समोरासमोर गाठ पडली. त्याच्या हातात मेथीची जुडी होती. तो वाळला होता. “ये ना रे एकदा,” तो म्हणाला. “तुझ्याकडे काम आहे.” मी म्हटलं, “येतो, पुढच्या रविवारी नक्की.” त्याला तो रविवार खरा वाटला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आमची शेवटची भेट.

तेरावं झाल्यानंतर सुनंदावहिनीनं मला बोलावून घेतलं. पियानोच्या वरच्या फळीखाली एक लांबट वही सापडली होती, ड्रॉइंगच्या कागदाची, दिनूनं स्वतः शिवलेली. “यातलं मला काही कळत नाही, भावोजी. तुम्ही बघा,” ती म्हणाली. मी उघडली. पाच नवी गाणी होती. शब्द, त्याखाली सारेगम, खुणा, सगळं त्याच्या त्या छापल्यासारख्या नीटस अक्षरात. प्रत्येक गाण्याला दोन पट्ट्या आखल्या होत्या, एकेका वाद्याची एक. वरच्या पट्टीवर लिहिलं होतं ‘पियानो’. खालच्या पट्टीवर लिहिलं होतं ‘शऱ्या’. एके ठिकाणी समासात टीप होती: ‘इथे शऱ्याला बासरी नको म्हणून सांगणे. साधा, लांब स्वर. तो ऐकेल.’ तो संपलेला नव्हता. माझ्याच वाक्यावर विश्वास ठेवून तो नवं काही शोधायला बसला होता, आणि त्या नव्यात त्यानं मला जागा केली होती. त्यासाठी ते फोन होते.

मी तिथंच वहिनीला सगळं सांगितलं. चिठ्ठी मी लिहिली होती, म्हटलं. ती पियानोच्या स्टुलावर बसली होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“त्यांना कळलं होतं का?” तिनं विचारलं.

“नाही. मला नाही वाटत.”

“मग ते बरं झालं की वाईट, ते मला नाही सांगता येत,” ती म्हणाली. “ते त्या चिठ्ठीवरून रात्रंदिवस कुढायचे, हे तुम्हाला सांगते. आणि तुम्ही आला असतात तर... जाऊ दे.” मी माफी मागायला लागलो तर तिनं हातानं थांबवलं. “माझी कशाला मागता? चार लोकांत त्यांना संपला म्हणून लिहिलंत ना? आता चार लोकांतच लिहा, कसे होते ते. नाव घालून लिहा.”

निघताना मी विचारलं, वहीतलं एखादं गाणं पियानोवर वाजवून बघू का? ती नाही म्हणाली. “इथं नको. अजून नको. वही घेऊन जा.”

म्हणून मी, शरद केळुसकर, हे लिहितो आहे. वही माझ्याकडे आहे. बँकेतून आलो की पलंगाखालून काढलेल्या सिंथेसायझरवर आवाज अगदी बारीक करून बसतो. माझ्या पट्टीतले साधे, लांब स्वर चार दिवसांत बसले; ते माझ्या कुवतीला जोखूनच लिहिलेले आहेत. आता त्याची पट्टी घेतली आहे. बोस्को रविवारी येतो, जेवणाच्या टेबलावर दोन पेन्सिलींनी ठेका धरतो आणि चुकलो की “परत” म्हणतो, दुसरं काही बोलत नाही. उजवा हात जरा जरा येतो आहे. पण दिनूचा डावा हात उजव्याचं काहीच ऐकत नसे. तो आपल्या चालीनं दुसरंच काही सांगत असायचा, आणि तरी दोन्ही एकाच जागी येऊन थांबायचे. ते कसं, हे विचारायला त्या कबूल केलेल्या रविवारी जायचं होतं. पहिल्या गाण्याच्या सातव्या ओळीशी मी रोज अडतो. डावा हात अजून येत नाही.